पुराव्याची मक्तेदारी

न्यायालयासमोर पुरावा दोन वाटांनी येतो: माणसाच्या तोंडून आणि वस्तूच्या रूपाने. साक्षीदार विसरतो, घाबरतो, प्रसंगी फितूरही होतो. म्हणून त्याच्या शब्दाकडे न्यायालय मुळातच सावधपणे पाहते. उलटतपासणीची सारी पद्धत या सावधपणातून निर्माण झाली आहे. रक्ताचा डाग, बंदुकीची गोळी, बोटाचा ठसा, हातावर राहिलेला स्फोटकाचा अंश यांना मात्र खोटे बोलता येत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. वस्तू खोटे बोलत नाही, पण ती स्वतःहून बोलतही नाही. तिच्या वतीने कोणीतरी तज्ज्ञ बोलत असतो. तो तज्ज्ञ कोणाच्या नोकरीत आहे, त्याची प्रयोगशाळा कोणत्या खात्याच्या अखत्यारीत आहे आणि त्याचा निष्कर्ष पडताळून पाहण्याची साधने आरोपीपाशी आहेत काय, हे प्रश्न वरवर कायद्याचे वाटतात. वस्तुतः ते साधनांच्या मालकीचे प्रश्न आहेत. म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने ते केवळ वकिलांवर सोपवून चालणार नाही.

बर्मिंगहॅमचे सहा कामगार

या प्रश्नाचे सर्व धागे एकत्र आलेले असे एक प्रकरण इंग्लंडमध्ये घडले. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरातील दोन मद्यगृहांत बाँबस्फोट झाले. एकवीस माणसे मृत्युमुखी पडली आणि दीडशेहून अधिक जखमी झाली. आयर्लंडच्या प्रश्नावरून त्या काळी चाललेल्या हिंसाचारातील हा एक अत्यंत निर्घृण प्रकार होता. लोकक्षोभ इतका तीव्र होता की शहरात राहणाऱ्या निरपराध आयरिश मजुरांना कारखान्यात तोंड दाखवणे अवघड झाले. पार्लमेंटने अवघ्या आठ दिवसांत दहशतवादविरोधी कायदा संमत केला आणि संशयिताला आरोप न ठेवता सात दिवसांपर्यंत अटकेत ठेवण्याची मुभा पोलिसांना मिळाली. त्या वेळी तेथे मजूर पक्षाचे सरकार होते, ही गोष्ट समाजवाद्यांनी विशेष लक्षात ठेवावयास हवी.

त्याच संध्याकाळी बर्मिंगहॅममध्ये राहणारे पाच आयरिश पुरुष आगगाडीने हेशॅम बंदराकडे निघाले होते. तेथून बेलफास्टला जाणारी बोट सुटत असे. आठवडाभरापूर्वी कॉव्हेंट्री येथे स्वतःच्याच बाँबच्या स्फोटात मरण पावलेल्या एका ओळखीच्या आयरिश माणसाच्या अंत्ययात्रेस ते चालले होते. प्रवासात वेळ घालवण्यासाठी त्यांनी पत्त्यांचा डाव मांडला होता. पोलिसांनी बंदरावर त्यांना अडवले. त्यांना स्टेशनवर निरोप देण्यास गेलेला सहावा माणूस पुढे बर्मिंगहॅममध्ये पकडला गेला.

पहाटेच्या सुमारास गृहखात्याच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ डॉ. फ्रँक स्क्यूस यांनी त्या पाचजणांच्या हातांवरचे नमुने कापसाच्या बोळ्यांनी पुसून घेतले आणि ग्रीस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने त्यांची चाचणी केली. या चाचणीत नमुन्यावर ठराविक रसायने टाकतात आणि गुलाबी रंग उमटला तर नायट्रोग्लिसरीनचा संशय धरतात. दोघांच्या हातांच्या नमुन्यांना रंग आला. या दोघांनी स्फोटके हाताळली होती याची आपल्याला नव्व्याण्णव टक्के खात्री आहे, असे स्क्यूस यांनी पुढे न्यायालयात सांगितले. प्रयोगशाळेत नंतर झालेल्या अधिक काटेकोर चाचण्यांनी या निष्कर्षाला नीट दुजोरा दिलेला नव्हता. तथापि चाचणीचा निकाल हाती येताच पोलिसांच्या संशयाचे रूपांतर निश्चयात झाले होते. पुढच्या तीन दिवसांत सहापैकी चौघांच्या सह्या कबुलीजबाबांवर आल्या. जबर मारहाण करून आणि धमक्या देऊन त्या सह्या घेतल्याचे आरोपींनी न्यायालयात सांगितले, परंतु कबुलीजबाब स्वेच्छेचे मानले गेले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी सहाहीजणांना जन्मठेप झाली.

येथे दोन पुरावे एकमेकांना कसे आधार देत होते ते पाहण्यासारखे आहे. चाचणीने गुन्हा दाखवला म्हणून कबुली खरी वाटली. कबुली मिळाली म्हणून चाचणीविषयी शंका घेण्याचे कारण उरले नाही. दोन्ही खांब पोकळ होते, पण ते एकमेकांना टेकून उभे राहिले.

दुसऱ्या प्रयोगाचा खर्च

बचावपक्षाकडे तज्ज्ञ नव्हता असे नाही. गृहखात्याच्या स्फोटकविभागात पूर्वी वरिष्ठ पदावर असलेले डॉ. ह्यू ब्लॅक यांनी, नायट्रोग्लिसरीनखेरीज अन्य पदार्थांमुळेही असाच रंग येऊ शकेल, असे न्यायालयास सांगितले. न्यायाधीशांचा कल सरकारी शास्त्रज्ञाकडे राहिला. एका बाजूस प्रयोगशाळा होती आणि दुसऱ्या बाजूस केवळ युक्तिवाद होता.

प्रत्यक्ष प्रयोग व्हायला १९८५ साल उजाडावे लागले, आणि तोही न्यायसंस्थेने केला नाही. ग्रॅनडा या दूरचित्रवाणी कंपनीने आपल्या शोधपर कार्यक्रमासाठी शास्त्रज्ञांकडून ती चाचणी पुन्हा करवून घेतली. रोजच्या वापरातल्या, नायट्रोसेल्युलोजचा लेप असलेल्या वस्तू हाताळल्या तरी तोच रंग येतो असे त्यात आढळले. त्या वस्तूंमध्ये पत्तेही होते. गाडीत पत्ते खेळत गेलेल्या माणसांना ज्या रंगाने जन्मठेपेपर्यंत नेले, तो रंग पत्त्यांमुळेही येऊ शकत होता, हे समजण्यास अकरा वर्षे लागली. या प्रयोगासाठी कोणताही नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागणार नव्हती. तो १९७५ सालीही करता आला असता. उणीव होती ती साधनांची, आणि साधने ज्याच्या हाती होती त्याला दुसऱ्या प्रयोगाची गरज वाटली नव्हती. कार्यक्रम प्रसारित झाल्यानंतर गृहखात्याने स्क्यूस यांना मुदतीपूर्वी निवृत्त केले. कैदी मात्र कैदेतच राहिले.

चूक उघड होऊनही ती मान्य का होत नाही, याचे उत्तर १९८० सालच्या एका निकालात मिळते. सहाजणांनी मारहाणीबद्दल पोलिसांविरुद्ध दिवाणी दावा लावला होता. लॉर्ड डेनिंग यांनी तो पुढे चालू देण्यास नकार दिला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, हा दावा यशस्वी झाला तर पोलिसांनी मारहाण केली, खोट्या शपथा घेतल्या आणि शिक्षा चुकीच्या होत्या, असे मानावे लागेल. ही शक्यता इतकी भयंकर आहे की कोणत्याही समंजस माणसाने दावा थांबवणेच योग्य म्हणावे. म्हणजे दावा खरा की खोटा यापेक्षा तो खरा ठरल्यास सत्तेच्या प्रतिष्ठेची किती हानी होईल, याचा हिशोब मोठा ठरला. त्या हिशोबात सहा कामगारांच्या आयुष्याची रक्कम कोठेच मांडलेली नव्हती.

ज्या पक्षाच्या सरकारने तो घाईचा कायदा केला, त्याच पक्षाच्या एका पत्रकार कार्यकर्त्याने हे अरण्यरुदन चालू ठेवले, हेही नोंदवले पाहिजे. ख्रिस मलिन यांनी या प्रकरणाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, १९८६ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि १९८७ साली पार्लमेंटवर निवडून आल्यावर तेथेही तो प्रश्न लावून धरला. 'दहशतवाद्यांचा कैवारी' ही शिवी त्यांना खावी लागली. १९८८ साली पुन्हा एकदा अपील फेटाळले गेले. अखेर १४ मार्च १९९१ रोजी सहाहीजण सुटले. एका आरोपीच्या तपासाची पोलिस टिपणे सलग एका वेळी लिहिलेली नव्हती, हे कागदावरील दाबाच्या खुणांच्या परीक्षणाने तोवर उघड झाले होते. आणि हातावरच्या चाचणीचा निष्कर्ष तर १९७४ सालच्या शास्त्राच्या कसोटीवरही टिकणारा नव्हता, असे अपील न्यायालयास म्हणावे लागले. सोळा वर्षे गेली होती. ज्या एकवीस कुटुंबांची माणसे मेली त्यांनाही न्याय मिळाला नाही; त्या स्फोटांबद्दल खऱ्या अपराध्यांपैकी कोणालाही आजतागायत शिक्षा झालेली नाही. निरपराधाची शिक्षा ही अपराध्याला मिळालेली मोकळीक असते, हे 'कडक कायदा हवा' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

उत्पादनाचा वेग आणि न्याय

इंग्लंडातील हा प्रकार जुना झाला, आता विज्ञान पुढे गेले आहे, असे कोणी म्हणेल. पुढे गेलेल्या विज्ञानाचे चित्र अमेरिकेत पाहता येते. तेथील केंद्रीय तपाससंस्था एफ. बी. आय. हिचे तज्ज्ञ घटनास्थळी सापडलेला केस सूक्ष्मदर्शकाखाली आरोपीच्या केसाशी ताडून न्यायालयात साक्ष देत असत. २०१५ साली जाहीर झालेल्या फेरतपासणीत, अशा साक्षीने आरोपीला अडचणीत आणलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ खटल्यांत तज्ज्ञांची विधाने शास्त्राला सोडून होती, असे त्या संस्थेलाच कबूल करावे लागले. हे तज्ज्ञ सारेच अप्रामाणिक होते असे मानण्याचे कारण नाही. ज्या विधानाला कोणी आव्हान देत नाही, ते विधान दरवर्षी थोडे अधिक ठाम होत जाते, एवढाच त्याचा अर्थ.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रकार तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक उद्बोधक वाटावा असा आहे. तेथील सरकारी प्रयोगशाळेतील एक रसायनतज्ज्ञ अमली पदार्थांचे नमुने सहकाऱ्यांच्या कित्येक पट वेगाने निकालात काढत असे. वरिष्ठ खूष होते, कारण तुंबलेले काम उरकत होते. २०१२ साली उघडकीस आले की अनेक नमुने न तपासताच अहवाल लिहिले जात होते. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाला एकवीस हजारांहून अधिक प्रकरणे रद्द करावी लागली. कारखान्यातला सदोष माल निदान गिऱ्हाईक परत करते. येथे सदोष अहवालाचे गिऱ्हाईक पोलिस व सरकारी वकील होते, आणि त्यांना हवा तसाच माल मिळत होता. तो परत करण्याची इच्छा असणारा माणूस तुरुंगात होता.

याच राज्यातून गेलेल्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असा निर्णय दिला होता की, प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र न्यायालयात दाखल करणे पुरेसे नाही. ते देणाऱ्या तज्ज्ञाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन उलटतपासणीस तोंड दिले पाहिजे. आपल्या देशातील स्थितीकडे वळताना हा निर्णय आठवणीत ठेवावा.

आपल्याकडील सी. ए. रिपोर्ट

आपल्या फौजदारी न्यायालयांत जो 'सी. ए. रिपोर्ट' म्हणून ओळखला जातो, तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार ठराविक सरकारी तज्ज्ञांचा असा अहवाल, तज्ज्ञाला न बोलावताही, पुरावा म्हणून वाचता येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम ३२९ द्वारे तीच व्यवस्था पुढे चालू ठेवली आहे. न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते. पण त्यासाठी कोणीतरी तशी मागणी करावी लागते, आणि कायदेविषयक मदतीच्या तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या वकिलाला रसायनशास्त्रावर उलटतपासणी घेण्याची तयारी करण्यास ना वेळ असतो ना ग्रंथालय. महाराष्ट्रातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृहविभागाच्या अखत्यारीत आहेत. पोलिसही त्याच विभागाचे. मुद्देमाल जप्त करणारा, लाखेचे सील लावणारा, तो प्रयोगशाळेत पोचवणारा आणि त्याची तपासणी करणारा, हे सारे एकाच छपराखाली येतात. आरोपीची बाजू त्या छपराबाहेर उभी असते.

नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची तरतूद केली आहे. मारहाणीने कबुली घेण्यापेक्षा शास्त्रीय तपास केव्हाही बरा, यात शंका नाही. तथापि शास्त्राचे नाव घेऊन काय काय होऊ शकते, याचा अनुभव पुण्याने घेतला आहे. २००८ साली तेथील सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप देताना मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. आरोपीच्या डोक्यावर विद्युत्-अग्रे बसवून तिला गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवावयाची; तिने तोंडातून शब्दही काढावयाचा नाही; आणि अनुभवाची स्मृती तिच्या मेंदूत आहे की नाही हे यंत्राने सांगावयाचे, असे त्या चाचणीचे स्वरूप. तिची विश्वसनीयता जगातील शास्त्रज्ञांनी मान्य केलेली नव्हती. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या संमतीवाचून करणे घटनाविरोधी ठरवले. सक्तीचा प्रश्न त्याने सुटला. शास्त्राच्या पडताळणीचा प्रश्न शिल्लक राहिला.

साधनांबरोबर कागदही एकाच पक्षाच्या कपाटात असले म्हणजे काय होते, हे नाशिकच्या खटल्याने दाखवले. २००३ सालच्या एका भीषण हत्याकांडाबद्दल भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना सत्र न्यायालयाने २००६ साली फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाहीजणांना फाशी कायम केली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवून सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसरीच चार माणसे ओळखली होती, आणि ही गोष्ट खटल्यात पुढे आणलीच गेली नव्हती. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे गेली; फाशीची अंमलबजावणी झाली असती तर तो कागद कोणासाठी उघडावयाचा होता? १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्या जमातींवरचा तो शिक्का १९५२ साली कायद्यातून पुसला गेला; ठाण्यांच्या सवयीतून तो पुसला गेला नाही.

किराणा दुकानदाराचा हक्क

यावर उपाय नाही काय? उपाय आपल्याच कायद्यात सत्तर वर्षांपूर्वी सापडलेला आहे. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग करण्याची तरतूद होती. एक भाग सरकारी विश्लेषकाकडे जाई. बाकीचे भाग सीलबंद राखून ठेवले जात. विश्लेषकाचा अहवाल दुकानदाराच्या विरुद्ध गेला तर राखलेला नमुना केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी तो न्यायालयात करू शकत असे. सरकारी दिरंगाईमुळे नमुना खराब होऊन हा हक्क निरर्थक झाला तर शिक्षा टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या कायद्यातही फेरतपासणीचे तत्त्व कायम आहे. मिरचीपुडीत भेसळ केल्याचा आरोप असलेल्या दुकानदाराला दुसऱ्या प्रयोगशाळेचा हक्क आहे, हे योग्यच आहे. मग ज्याच्या गळ्याभोवती फाशीचा दोर येऊ शकतो त्या शेतमजुराला तो हक्क का नसावा? व्यापार करणाऱ्या वर्गाला आपले गाऱ्हाणे कायदेमंडळापर्यंत नेता आले. शेतमजुराला ते जमले नाही, याखेरीज त्याचे दुसरे सबळ कारण दिसत नाही.

या तत्त्वावरून मागण्यांची रूपरेषा सरळ निघते. न्यायसहायक प्रयोगशाळा गृहविभागाकडून काढून कायद्याने स्थापन झालेल्या स्वायत्त मंडळाकडे सोपवाव्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ सालच्या अहवालानेही प्रयोगशाळा पोलिसांच्या प्रशासकीय ताब्याबाहेर असाव्यात असेच सुचवले आहे. जेथे शक्य असेल तेथे नमुन्याचा भाग राखून ठेवावा आणि सरकारी खर्चाने दुसऱ्या प्रयोगशाळेत तो तपासून घेण्याचा आरोपीला हक्क असावा. कायदेविषयक मदतीत वकिलाबरोबर तज्ज्ञाचाही समावेश व्हावा. आरोपीच्या बाजूने जाणारा तपासातील प्रत्येक कागद त्याला मिळावा. आणि चुकीने तुरुंगात गेलेल्या माणसाची भरपाई न्यायालयाच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने निश्चित करावी. निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या बिहारमधील एका माणसाला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली एकूण ३५ हजार रुपये देवविले. तेव्हापासून भरपाईचे तत्त्व मान्य आहे. विधी आयोगाने २०१८ सालच्या २७७ व्या अहवालात त्यासाठी कायदा करण्याची शिफारसही केली. कायदा मात्र झालेला नाही.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. परंतु खर्च आजही होतच आहे. तो फक्त सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अजून चालू होता. अहवालाची वाट पाहण्यात गेलेला मजुरीचा प्रत्येक दिवस, घरातले शेवटचे भांडे विकून भरलेली वकिलाची फी, बाप तुरुंगात गेल्यावर शाळा सोडून कामाला लागलेले मूल, हा सारा खर्च गरिबांच्या खात्यावर पडतो. प्रयोगशाळेवरील खर्च टाळून राज्यसंस्थेने तो त्यांच्याकडे वळवला आहे.

मित्रहो, कायदा बदलेपर्यंतही कार्यकर्त्याच्या हाताला काम आहे. तालुक्याच्या गावी एखादा मजूर, पारधी वा भिल्ल गंभीर आरोपाखाली पकडला जातो तेव्हा पक्षाच्या शाखेने चार गोष्टींची चौकशी करावी: पंचनाम्यावरील पंच खरोखर जागेवर हजर होते काय, मुद्देमाल कोणत्या दिवशी सील झाला आणि कोणत्या दिवशी प्रयोगशाळेत पोचला, सी. ए. रिपोर्टाची प्रत आरोपीच्या वकिलाला मिळाली काय. आणि अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला उलटतपासणीसाठी बोलावण्याचा अर्ज न्यायालयात दिला गेला काय. ज्या गावात गुन्हा घडला तेथील लोकांना ही चौकशी रुचणार नाही, शिव्याही खाव्या लागतील. बर्मिंगहॅमच्या सहा कामगारांसाठी बोलणाऱ्यांनीही त्या खाल्ल्या होत्या. मोर्चापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्याची बातमी बहुधा छापून येणार नाही. तरीही प्रत्येक शाखेने निदान एका कार्यकर्त्याकडे ते नेमून द्यावे.